मागच्या स्पीकरमधला आवाज आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विक्रोळीच्या वन बीएचकेमध्ये ५.१ रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची शौकिनांनी बनवलेली तीन अनधिकृत सराउंड रूपं पेन ड्राइव्हवर मिळाली. पेन ड्राइव्ह टीव्हीत, टीव्हीतून एचडीएमआय आर्कने (टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे नेणाऱ्या सोयीने) आवाज रिसीव्हरला. ‘क्वाड’ नावाचं फोल्डर फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून वाजतं. ‘डीटीएस’ लावलं की नुसती खरखर. ‘एआय ५.१’ लावलं की गायक उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. दुरुस्तीवाला म्हणतो बोर्ड बदला. तर रिसीव्हर बिघडला आहे का, तिन्हींतलं खरं कोणतं, चोर बाजारात या अल्बमची एट-ट्रॅक कार्ट्रिज (सत्तरच्या दशकातली डबीतली टेप) दिसली तर घ्यावी का, आणि या फायली पुढे मित्रांना द्याव्यात का?

बोर्ड बदलू नका. बोर्ड गेला असता तर तिन्ही फोल्डरांत एकच रड असती. तुमच्याकडे तीन फोल्डर आणि तीन वेगळी लक्षणं आहेत, आणि तिन्हींची कारणं रिसीव्हरच्या आधीच्या टप्प्यात सापडतात. पण प्रश्न नुसता आवाज सुरू करण्याचा नाही. अशा फायलीत मागच्या दोन स्पीकरमध्ये जे ऐकू येतं ते मूळ टेपवरून आलं की नंतर कोणी बनवलं, हे कळल्याशिवाय ‘छान’ किंवा ‘वाईट’ म्हणण्यात अर्थ नाही, आणि त्यावरून स्पीकर हलवण्यातही नाही. म्हणून आधी वाजवण्याचं निस्तरू, मग वंशावळ तपासू, मग खोलीकडे येऊ.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. हा अल्बम १९७२-७३ मध्ये ॲबे रोड स्टुडिओत १६-ट्रॅक टेपवर मुद्रित झाला. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी त्याचं चार चॅनेलचं, म्हणजे क्वाड्राफोनिक मिक्स केलं. ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळं तर त्यांनी मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठीच मुद्रित केली होती. हे क्वाड मिक्स सत्तरच्या दशकात दोन प्रकारे विकलं गेलं: एसक्यू पद्धतीची (चार चॅनेल दोनांत कालवून कोरलेली) एलपी, आणि क्यू-८ म्हणजे चार चॅनेलची एट-ट्रॅक कार्ट्रिज. पुढे २००३ मध्ये जेम्स गथ्री यांचं ५.१ मिक्स एसएसीडीवर (उच्च दर्जाच्या, बहुचॅनेल सीडीवर) आलं. २०११ च्या मोठ्या बॉक्स सेटमध्ये गथ्रींचं ५.१ आणि पार्सन्सचं जुनं क्वाड ही दोन्ही मिक्स आली. २०२३ च्या पन्नासाव्या वर्षाच्या संचात गथ्रींचं ॲटमॉस (छताकडूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) मिक्स आलं.

म्हणजे जवळपास ३८ वर्षं पार्सन्सचं मिक्स ऐकायचं तर जुनी एलपी किंवा जुनी कार्ट्रिज शोधणं आणि त्यासाठीची यंत्रं चालू ठेवणं एवढाच मार्ग होता. अनधिकृत रूपं त्या पोकळीत जन्माला आली. ज्यांच्याकडे चांगला डेक किंवा डिकोडर होता त्यांनी चार चॅनेल संगणकात उतरवले आणि घरच्या संगणकावर लिहिता येतील अशा डीटीएस-सीडी (डीटीएस या संकेतात दाबलेला बहुचॅनेल आवाज असलेल्या सीडी) बनवल्या. त्या काळी घरच्या सीडी-रायटरवर बहुचॅनेल आवाज टाकण्याचा तोच सोयीचा मार्ग होता. तुमच्या तीन फोल्डरांपैकी दोन बहुधा त्याच घराण्यातली आहेत. तिसरं अगदी अलीकडचं.

आता लक्षणं. पहिलं, क्वाड फक्त पुढून. साधी आर्क दोन चॅनेलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) किंवा डॉल्बी डिजिटल, डीटीएससारखा दाबलेला आवाज एवढंच नेते. बहुचॅनेल पीसीएम तिच्यातून जातच नाही, त्याला ई-आर्क (आर्कची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) लागते आणि ती टीव्ही व रिसीव्हर दोन्हीकडे असावी लागते. त्यात टीव्हीच्या आतला प्लेअर चार चॅनेलची फ्लॅक (काहीही न गमावता दाबलेली) फाइल बहुतेक वेळा एकतर दोन चॅनेलमध्ये गोळा करतो किंवा मागचे दोन चॅनेल सरळ टाकून देतो. या दोन गोष्टींत फरक आहे. टाकून दिले असतील तर काही वाद्यं आणि घड्याळं पूर्ण गायब झालेली असतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मिक्सच दरिद्री आहे. ऑप्टिकल केबल लावूनही फरक पडत नाही, तिची मर्यादा तीच. पेन ड्राइव्ह रिसीव्हरच्याच यूएसबीला लावला तरी बहुतेक रिसीव्हर तिथून फक्त दोन चॅनेलची फ्लॅक वाजवतात.

उपाय साधा आहे: टीव्हीला मधून काढा. लॅपटॉप किंवा छोटा पीसी थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला लावा आणि चित्र रिसीव्हरकडून टीव्हीला जाऊ द्या. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या आउटपुटची स्पीकर रचना ५.१ निवडा आणि तिथली चाचणी वाजवून प्रत्येक स्पीकर आपल्या नावाला बोलतो का ते पाहा. ‘स्पेशियल साउंड’ बंद ठेवा. प्लेअर म्हणून फूबार किंवा कोडी हे फुकटचे प्रोग्रॅम चालतील. फूबारमध्ये आउटपुट एक्स्क्लुझिव्ह मोडवर ठेवा, म्हणजे विंडोज मध्ये बोट घालत नाही. मग रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे बघा. तिथे ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ दिसलं तर अजून दोनच चॅनेल पोहोचताहेत. ‘मल्टी चॅनेल इन’ किंवा त्या अर्थाचं काही दिसलं तर काम झालं. ही डिस्प्लेची पट्टी पहिला साक्षीदार आहे. कानाआधी तिला विचारायचं.

क्वाड वाजताना मधला स्पीकर आणि एलएफई (फक्त सबवूफरसाठीचा, ५.१ मधला ‘.१’) चॅनेल गप्प असतील. तो दोष नाही, क्वाडमध्ये ते नसतातच. मधला स्पीकर मुका वाटतो म्हणून रिसीव्हरचं एखादं सराउंड मोड लावू नका. ते पुढच्या दोन चॅनेलमधलं ओढून मध्ये आणतं आणि पार्सन्सनी मांडलेली पुढची रुंदी मिटते.

दुसरं लक्षण, खरखर. डीटीएस-सीडीची फाइल बाहेरून साधी वेव्ह फाइल दिसते: दोन चॅनेल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. आत मात्र संगीताऐवजी डीटीएसचा सांकेतिक प्रवाह भरलेला असतो. टीव्ही तिला साधं स्टिरिओ समजतो आणि तो संकेतच आवाज म्हणून वाजवतो, म्हणून समुद्रासारखी खळखळ ऐकू येते. रिसीव्हरला ओळख पटण्यासाठी प्रत्येक बिट जसाच्या तसा पोहोचावा लागतो. टीव्हीचा साउंड मोड, ४४.१ चं ४८ किलोहर्ट्झ करणं, प्लेअरमधला व्हॉल्यूम ९९ वर असणं, रीप्लेगेन (गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी सोय), इक्वलायझर, यांपैकी एकही गोष्ट मध्ये आली की संकेत मोडतो. ही खरखर पूर्ण पातळीवरची असते आणि तिच्यात वरच्या कंपनसंख्या भरपूर असतात. मोठ्या आवाजात ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) जाऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा लावताना रिसीव्हरचा व्हॉल्यूम अगदी तळाला ठेवा.

लॅपटॉपवरून एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून पाठवलं तर रिसीव्हरवर ‘डीटीएस’ उमटतं. पण दर वेळी ही कसरत करण्यापेक्षा फाइल एकदाच संगणकावर डिकोड करून सहा चॅनेलची फ्लॅक बनवून ठेवलेली बरी. एफएफएमपेग हे फुकटचं साधन वेव्हच्या आतला डीटीएस ओळखतं आणि डिकोडही करतं. मूळ फाइल पुसू नका. आणि एक कटू शक्यता आधीच सांगून ठेवतो. तुमच्यापर्यंत येताना कोणी या फाइलचं एमपी३ केलं असेल किंवा आवाज ‘लेव्हल’ केला असेल, तर आतला संकेत कायमचा गेला. ती कुठल्याही यंत्रावर खरखरच देईल. निव्वळ फ्लॅक केलं असेल तर हरकत नाही, फ्लॅकमध्ये बिट हरवत नाहीत.

तिसरं लक्षण मला सर्वांत बोलकं वाटतं, कारण त्यात दोष स्वतःच पत्ता सांगतो. फ्लॅकमध्ये सहा चॅनेलचा क्रम ठरलेला आहे: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमाच्या मिक्सिंगमध्ये मात्र अनेक जण डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, एलएफई असा क्रम लावतात. त्या क्रमाने बनवलेली फाइल न बदलता फ्लॅक केली, की मधला चॅनेल उजव्या स्पीकरला जातो आणि गायक तिकडून बोलतो. उजवीकडची वाद्यं मधल्या स्पीकरमधून येतात. मागचा डावा चॅनेल सबवूफरला जातो, म्हणून सब विनाकारण घुमतो, त्यात एलएफईला रिसीव्हर १० डेसिबल जास्त देतो. मागच्या उजव्यात फक्त धपधप उरते. हे सगळं जुळत असेल तर निदान पक्कं. गायक डावीकडून आला असता तर क्रम मधला, डावा, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, एलएफई असा असता, तो डीटीएसच्या आतला मूळ क्रम आहे.

दुरुस्ती ऑडॅसिटी या फुकटच्या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये होते. फाइल उघडली की सहा वेगळे ट्रॅक दिसतात. एकेक सोलो करून ऐका आणि कागदावर लिहा. बरोबर फाइलमध्ये चौथ्या ट्रॅकवर फक्त खालचा घुमारा असतो किंवा काहीच नसतं. चौथ्यावर गिटार ऐकू आली तर क्रम चुकलेला आहे. सिनेमाचा क्रम असेल तर नवा क्रम १, ३, २, ६, ४, ५ असा लावा. गायक डावीकडे असेल तर २, ३, १, ६, ४, ५. एक्स्पोर्ट करताना स्वतःचं चॅनेल मॅपिंग निवडा, सहा चॅनेल ठेवा आणि २४ बिट फ्लॅक काढा. मॅपिंग निवडायला विसरलात तर ऑडॅसिटी सगळं गोळा करून स्टिरिओ देऊ शकते, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या लक्षणावर याल.

इथवरचं थोडक्यात: क्वाडला टीव्ही आडवा येतो, डीटीएसला मधली कुठलीही फेरफार आडवी येते, एआय फाइलमध्ये क्रम चुकला आहे. तिघांनाही लॅपटॉप थेट रिसीव्हरला लावणं हा पाया.

आता वंशावळ. अशा रूपांचे चार उगम असतात आणि प्रत्येकाची खूण मागच्या दोन चॅनेलमध्ये सापडते. म्हणून हेडफोन लावून फक्त मागची जोडी ऐकायची. पुढचं सगळं म्यूट.

क्यू-८ कार्ट्रिजवरून आलेली फाइल असेल तर चारही चॅनेल खरेच वेगळे असतात, पण आवाजात टेपची सळसळ असते आणि १०-१२ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही उरत नाही. एट-ट्रॅकची टेप सेकंदाला साधारण ९.५ सेंटिमीटर वेगाने चालते आणि पाव इंच टेपवर आठ पट्ट्या असतात, तेव्हा त्याहून जास्त अपेक्षा करू नये. चार चॅनेलमुळे आठ पट्ट्यांचे दोनच कार्यक्रम होतात, म्हणून शांत जागी शेजारच्या कार्यक्रमातलं दुसरंच गाणं अगदी पुसट ऐकू येतं. हे ऐकू आलं तर आनंद माना, खरी क्यू-८ आहे. डेकचं हेड तिरकं असेल तर वरचे स्वर आणखी मरतात आणि चॅनेलांमधला फेज बिघडतो. कर्त्याने अझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) जुळवून घेतला होता का, हे म्हणूनच महत्त्वाचं.

एसक्यू एलपीवरून आलेलं रूप वेगळं. एसक्यूमध्ये मागचे दोन चॅनेल ९० अंशांच्या फेज-बदलाने पुढच्या दोनमध्ये कालवलेले असतात. साध्या डिकोडरने ते सोडवले की पुढचं-मागचं वेगळेपण जेमतेम ३ डेसिबल मिळतं. मधोमध असलेला गायक मागच्या दोन्ही चॅनेलमध्ये गळतो, आणि तो डाव्या-उजव्यात बरोबर विरुद्ध फेजने गळतो. त्यामुळे एक नेमकी चाचणी हाती येते. मागची जोडी ऐका, गायक पसरट, डोक्याच्या बाहेर कुठेतरी वाटेल. मग त्याच जोडीचं मोनो करा. गायक नाहीसा झाला तर साध्या एसक्यू डिकोडरचं काम. चांगल्या लॉजिक डिकोडरने (गळती आपोआप दाबणाऱ्या) केलेलं असेल तर गळती कमी असते, चाचणी तितकी ठसठशीत दिसत नाही, पण एलपीची टकटक चारही चॅनेलमध्ये एकाच क्षणी सापडते. तिला लपता येत नाही.

तिसरा उगम म्हणजे स्टिरिओवरून केलेलं अपमिक्स, म्हणजे दोन चॅनेलचे जास्त चॅनेल बनवणं. जुनी पद्धत डाव्या-उजव्यातला फरक काढून मागे टाकण्याची. नवी पद्धत डेमक्स, स्प्लीटरसारख्या प्रणालींनी गायन, ड्रम, बास आणि बाकीचं असे भाग वेगळे काढून खोलीत मांडण्याची. तुमचं ‘एआय ५.१’ हेच. इथे मागची जोडी एकटी ऐकली की झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या बुडबुडतात, गायकाच्या शब्दांची शेपटं गिटारला चिकटलेली असतात. सगळे स्पीकर चालू असताना हे दोष एकमेकांना झाकतात, म्हणून एकत्र ऐकून फसायला होतं.

याची पक्की परीक्षा वेळेची आहे. अधिकृत स्टिरिओ सीडीवरचं तेच गाणं आणि संशयित फाइल ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा. सुरुवातीचा एखादा टोकदार आवाज, घड्याळाचा ठोका वगैरे, झूम करून नमुन्याला नमुना जुळवा. मग गाण्याच्या शेवटी जा. टेप यंत्राच्या वेगात ०.१ टक्का जरी फरक असेल तरी सात मिनिटांत ०.४२ सेकंदांची तफावत पडते. शेवटालाही तंतोतंत जुळत असेल तर ती फाइल बहुधा डिजिटल स्टिरिओवरूनच बनलेली आहे, मग तिच्यावर काहीही लिहिलेलं असो. पुढे जाऊन सर्व चॅनेल एकत्र बेरीज करून, उलटे फिरवून मूळ स्टिरिओत मिसळा. जवळजवळ शांतता उरली तर शंका संपली. उलट बाजूने मात्र घाई करू नका. तफावत पडली म्हणजे खरं क्वाड, असं नाही. कोणी एलपीच्या स्टिरिओवरून अपमिक्स केलं असेल तरी तफावत पडेल. तेव्हा मागच्या जोडीची खूण आणि वेळेची परीक्षा दोन्ही धरून निर्णय घ्यायचा.

चौथा उगम अधिकृत डिस्कवरून केलेली प्रत. ती ओळखायला सोपी: सळसळ किमान, वरचे स्वर २० किलोहर्ट्झपर्यंत आणि पुढेही, आणि वेगळेपणा स्वच्छ. अशी प्रत ‘शौकिनाने बनवलेलं रूप’ नव्हेच, ती विकत मिळणाऱ्या वस्तूची नक्कल आहे.

फाइलचा आकारही बोलतो. अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा आहे. डीटीएस-सीडीची वेव्ह साधारण ४५० एमबी होते. चार चॅनेल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ न दाबता ३ जीबीच्या जवळ जातात, फ्लॅकमध्ये दीड-दोन जीबी. ‘२४/९६’ लिहिलेल्या फाइलमध्ये १२ किलोहर्ट्झच्या वर स्पेक्ट्रम कोरा असेल तर आकडा मोठा आहे, माल तोच. प्रामाणिक काम करणारे लोक फोल्डरमध्ये एक मजकूर फाइल ठेवतात: डेक कुठला, सुई कुठली, डिकोडर कुठला, वेग कसा दुरुस्त केला, काय साफ केलं. ती फाइल नसेल तर मी ते रूप ऐकतो, पण त्यावरून मूळ मिक्सबद्दल मत बनवत नाही.

तिन्हींतलं खरं कोणतं, याचं उत्तर म्हणून असं: पार्सन्सनी काय मांडलं हे ऐकायचं असेल तर क्यू-८ किंवा एसक्यूचं रूप, पण आज ते २०११ च्या अधिकृत रूपापुढे टिकत नाही. अपमिक्स हे आजच्या एका शौकिनाचं वाचन आहे. त्यात मेहनत असते आणि काही मंडळी फार जीव ओतून करतात, म्हणून त्याला तुच्छ मानू नये. फक्त ते १९७३ चं म्हणून खपवू नये.

आता तुमची खोली. इथे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण क्वाड आणि ५.१ या दोन मिक्सना स्पीकर वेगळ्या जागी हवे असतात. क्वाड चार कोपऱ्यांसाठी: पुढचे ४५ अंशांवर, मागचे १३५ अंशांवर. ५.१ मध्ये पुढचे ३० अंशांवर, सराउंड १०० ते १२० अंशांवर. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि १३५ अंशांवर भिंतच येते. सोफा दोन फूट पुढे ओढता आला तर ओढा, ऐकण्यापुरता ओढला तरी चालेल. जमत नसेल तर सराउंड कानांच्या किंचित मागे बाजूच्या भिंतींवर, कानापेक्षा फूट-दीड फूट उंच लावा. दोन्ही मिक्सना हा मधला मार्ग चालतो.

पातळी जुळवताना सिनेमाची सवय विसरा. क्वाडमध्ये मागचे स्पीकर पुढच्यांच्या बरोबरीचे असतात. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा, फोनवरचं आवाज मोजणारं ॲप सी-वेटिंग आणि स्लोवर ठेवा, डोक्याच्या जागी धरा आणि प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणा. फोनचा आकडा निरपेक्ष खरा नसतो, पण चारही सारखे करायला पुरतो. अंतरं टेपने मोजून भरा. पुढचे ८ फुटांवर आणि मागचे ४ फुटांवर असतील तर मागचा आवाज साडेतीन मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि सगळं मिक्स मागे झुकल्यासारखं वाटतं. ऑडिसी (खोलीनुसार आवाज जुळवणारी प्रणाली) असलेल्या रिसीव्हरमध्ये ‘डायनॅमिक ईक्यू’ बंद करा. कमी आवाजात ते सराउंडची पातळी आपणहून वाढवतं आणि तुम्ही जुळवलेलं मोडतं. नाइट मोडही बंद.

‘डायरेक्ट’ मोडची मोठी फसगत इथे असते. शुद्ध म्हणून लोक तो लावतात, पण काही रिसीव्हरमध्ये त्याने बास मॅनेजमेंट (छोट्या स्पीकरांचा बास सबकडे वळवणं) बंद होतं. क्वाडमध्ये एलएफई नाही, तुमचे स्पीकर छोटे, म्हणजे बास कुठेच जात नाही आणि अल्बम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. साधा मल्टी-चॅनेल मोड ठेवा, सगळे स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ, फारच छोटे सॅटेलाइट असतील तर १२०. अपमिक्समध्ये उलटा घोळ होतो. कर्त्याने पुढच्या चॅनेलचा बास गाळून एलएफईमध्येही टाकलेला असतो, तोच बास रिसीव्हरकडूनही सबला जातो आणि दुप्पट होतो, किंवा फिल्टरच्या फेजमुळे एकमेकांना खाऊन नाहीसा होतो. अशा फाइलचा एलएफई म्यूट करून ऐका. दहातल्या बऱ्याच वेळा आवाज सुधारतो.

दहा फुटांच्या रुंदीला खोली ५७ हर्ट्झच्या आसपास घुमते, साडेनऊ फुटांच्या छताला ६० च्या आसपास, म्हणजे दोन्ही एकमेकांवर चढतात. चौदा फूट लांबीचा घुमारा ४१ ला. त्यात भिंतीला टेकून बसलात तर बास आणखी फुगतो. सब कोपऱ्यातून दोन-तीन फूट सरकवून बघा, इक्वलायझरआधी जागा बदला. व्हिट्रिफाइड टाइल्सवर सतरंजी, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, मागे जाड गोधडी, एवढ्याने वरचे स्वर बरेच निवळतात, बास मात्र त्याने हलत नाही. सबखाली जाड रबर ठेवलं तर स्लॅबला थेट बसणारा हादरा कमी होतो, हवेतून जाणारा बास मात्र खालच्या मजल्यावर पोहोचतोच. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे, तेव्हा जुळवाजुळव रविवारी दुपारी करा.

सब जोडल्यावर सतत ‘हूं’ ऐकू येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याकडून येणारी वायर काढून बघा. हूं थांबली तर ग्राउंड लूप आहे. त्या वायरवर आयसोलेटर लावा, लॅमिंग्टन रोडला मिळतो. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

चोर बाजारातली कार्ट्रिज: घ्यायची तर वस्तू म्हणून घ्या, आणि मिळाल्या मिळाल्या वाजवू नका. आतला फोमचा पॅड भुगा झालेला असतो, दोन टोकं जोडणाऱ्या चकचकीत पट्टीचा गोंद सुकलेला असतो आणि रबरी रोलर कधी कधी डांबरासारखा वितळलेला असतो. पहिल्याच फेरीत टेप तुटून कॅप्स्टनला (टेप ओढणाऱ्या फिरत्या दांडीला) गुंडाळते. पॅड आणि पट्टी बदलल्याशिवाय डेकमध्ये घालायची नाही. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमटपणात टेपला आणि एलपीला बुरशी धरते, म्हणून बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि साधा स्टिरिओ एट-ट्रॅक डेक क्यू-८ चे चार चॅनेल एकाच वेळी वाचत नाही, त्यासाठी क्वाड डेकच लागतो.

फायली पुढे द्याव्यात का? नको. भारतीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतं. १९७३ च्या अल्बमसाठी ते २०३३ अखेरपर्यंत आहे, आणि नव्या मिक्ससाठी त्याहून पुढे. स्वतःच्या डिस्कवरून स्वतःच्या ऐकण्यासाठी काही करणं आणि ते वाटत सुटणं यांत कायदा फरक करतो. मित्रांना द्यायचंच असेल तर चॅनेलांचा क्रम, एलएफईचा निर्णय आणि तुमच्या खोलीतली मापं द्या, आणि अधिकृत डिस्क सगळ्यांनी मिळून एकाच्या घरी ऐका. चार कोपऱ्यांचं मिक्स मधल्या एकाच जागी पुरतं उलगडतं, तेव्हा त्या खुर्चीवर पाळीपाळीने बसा.

लॅपटॉप थेट जोडल्यावर तिन्ही फोल्डरांसाठी रिसीव्हरच्या पट्टीवर काय उमटतं, आणि एआय फाइलच्या सहा ट्रॅकवर एकेक करून काय ऐकू येतं, हे इथेच लिहा. रिसीव्हरचं मॉडेल आणि सोफ्यापासून पाचही स्पीकरची अंतरंही द्या. पुढचं त्यावरून सांगता येईल.